दीर्घग्रीवाने खानावळ निवडली

एका जंगलात, म्हणजे जंगल संपून जिथे पाणथळ सुरू होते तिथे, एक सारस राहत होता. मुलांनो, सारस हा उंच पायांचा, लाल डोक्याचा पक्षी. तो जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहतो. यात कौतुक त्याचं किती आणि जोडीदाराचं किती, हे गोष्ट ऐकून तुम्हीच ठरवा.

या सारसाचं नाव दीर्घग्रीव. त्याच्या बायकोचं नाव कुमुद. कुमुद त्याला 'अहो' म्हणत असे, त्यामुळे दीर्घग्रीव हे नाव फारसं वापरात नव्हतं.

दीर्घग्रीव फार शिकलेला होता. चिखलाचे प्रकार या विषयावर त्याने मोठा प्रबंध लिहिला होता. चिखलात पाय ठेवावा की ठेवू नये, याविषयी अधिक संशोधनाची गरज आहे, असा त्या प्रबंधाचा निष्कर्ष होता. इतर सारस एका पायावर उभे राहतात ते विश्रांतीसाठी. दीर्घग्रीव उभा राही तो दुसऱ्या पायाचं काय करावं हे ठरलं नाही म्हणून. विचार बदलला की तो पाय बदलत असे. दिवसभर त्याचं हे चाललेलं असे.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तो कुमुदला बाहेर जेवायला नेणार होता. पाच तळी त्याच्या मनात होती. पाचांचा तौलनिक अभ्यास पुरा होईपर्यंत उन्हाळा आला आणि पाचही आटली.

"बघ," तो म्हणाला, "घाईघाईनं एखादं निवडलं असतं तर?"

कुमुदने घरीच बेडूक वाढले.

आता पन्नासावा वाढदिवस आला. मुलं मोठी झाली होती, चार तळी लांब राहत होती. त्यांनी मिळून आईबाबांना परदेशी पाठवायचं ठरवलं. हंसराव नावाचा एक रानहंस दरवर्षी थवा घेऊन समुद्रापलीकडच्या जंगलात जात असे. त्याच्या थव्यात दोघांची नावं घातली.

ही बातमी कळताच शेजारचे बगळेराव आणि बगळेवहिनी निरोप द्यायला आले. ते आदल्याच वर्षी जाऊन आले होते.

"तिथं 'शिंपला' म्हणून एक खानावळ आहे," बगळेराव डोळे मिटून म्हणाले. "तिथली शिंपली! काय सांगू तुम्हाला!"

"काय सांगणार? खाल्ल्याशिवाय कळायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

"आणि समजा, नाही खाल्ली तर?" दीर्घग्रीवाने भीत भीत विचारलं.

बगळेरावांनी डोळे उघडले. "मग जायचं कशाला?"

झालं. हा प्रश्न दीर्घग्रीवाच्या मानेत काट्यासारखा अडकला. पाणथळीतलाच एक पाणमोर परदेशी जाऊन आला होता आणि तिथली शिंपली न खाता परत आला होता, हे सगळ्या पाणथळीला ठाऊक होतं. त्याला आता कोणी पाणमोर म्हणत नसे. 'तो शिंपली न खाल्लेला' म्हणत.

मुलांनो, परदेशप्रवास कसा असतो ते थोडक्यात सांगतो. हंसराव पुढे उडत आणि ओरडत, "मंडळी, डावीकडे धबधबा! बघितला? चला!" मंडळी उजवीकडे बघत असत. मग चला. प्रत्येक पक्षिणीने घरून काही ना काही खाऊ बांधून आणला होता. कुमुदने भाजलेले मखाणे घेतले होते. पहिले काही दिवस सगळ्यांनी एकमेकींचा खाऊ खाल्ला आणि परदेशातलं अन्न अगदी बेचव असतं यावर एकमत केलं.

शेवटच्या दिवशी दुपारी हंसरावांनी थवा समुद्रकिनारी उतरवला.

"मंडळी, आजची संध्याकाळ मोकळी. जेवण ज्याचं त्याचं. एक लक्षात ठेवा, इथे सूर्य बुडाला की चुली विझवतात. मग कोणी पाया पडलं तरी वाढत नाहीत. पहाटे उड्डाण!"

नेमका तोच दिवस लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा होता.

कुमुदने पंख स्वच्छ केले. मानेची पिसं नीट बसवली. मग ती म्हणाली, "अहो, मला आज बाकी काही नको. नुसतं बसून जेवायचंय. तुमच्याबरोबर. समोरासमोर. आणि तुमचं लक्ष पानात हवं."

"हे काय सांगायला हवं?" दीर्घग्रीव म्हणाला. "फक्त जागा नीट निवडू."

कुमुदने सूर्याकडे पाहिलं. तो बराच वर होता. तिला जरा धीर आला.

थोडं चालल्यावर खाडीच्या तोंडाशी एक लहानशी खानावळ लागली. एक पाणमांजर ती चालवत होती. चुलीवर मासळी शिजत होती. वास असा सुटला होता की कुमुदचे पाय आपोआप थांबले.

"या, बसा," पाणमांजर म्हणाली. "दोन पानं वाढू?"

"वाढा," कुमुद म्हणाली.

"थांबा," दीर्घग्रीव म्हणाला. त्याने मान लांब करून आजूबाजूला पाहिलं. "इथे पोपट दिसत नाही."

पोपटाचं असं होतं. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक खानावळीच्या दारात एक पोपट बसवलेला असे. आधी येऊन गेलेल्यांची मतं तो नव्याने येणाऱ्यांना ऐकवी. मतं ऐकायची, मग आत जायचं की नाही ते ठरवायचं, अशी तिथली पद्धत होती. पाणमांजरीने पोपट ठेवला नव्हता.

"पोपट कशाला हवा? वास येतोय की," कुमुद म्हणाली.

"अगं, पण या जागेबद्दल कोणी काहीच म्हटलेलं नाही."

"मी म्हणते ना."

"तुझं एकच मत झालं, कुमुद."

पन्नास वर्षांच्या संसारानंतर हे वाक्य ऐकून एखादीने चोच मारली असती. कुमुदने मारली नाही. ती नवऱ्याच्या मागून चालू लागली.

पुढच्या खानावळीतला पोपट गलेलठ्ठ होता आणि भराभर बोलत होता. "'खेकडे ताजे. इतके ताजे की एक पळाला.' 'सूर्यास्त सुंदर, पण कालवणात मीठ कमी.' 'सूर्यास्त फार लवकर झाला. पुन्हा येणार नाही.' 'आमच्याकडच्या चिखलाची सर नाही.'"

"हा शेवटचा कुठला होता?" दीर्घग्रीवाने उत्सुकतेने विचारलं.

"नाव सांगत नाही आम्ही."

"आपल्या भागातलाच असणार," दीर्घग्रीव कुमुदला म्हणाला. "चिखलाची जाण होती त्याला." आणि तो पुढे निघाला.

त्यापुढच्या खानावळीचा पोपट म्हणाला, "'बसायचे दगड गार.' 'बसायचे दगड गरम.'"

"म्हणजे सरासरी कोमट," दीर्घग्रीवाने हिशोब केला.

"मग बसू या की कोमट दगडावर," कुमुद म्हणाली. "माझे पाय दुखतायत."

"पण गार म्हणणारा पेंग्विन असला तर? पेंग्विनला जो दगड गार लागतो, तो आपल्याला केवढा बाधेल!" त्याने पाय बदलला. "आणि गरम म्हणणाराच पेंग्विन असला, तर मग गोष्ट वेगळी." त्याने पुन्हा पाय बदलला.

तेवढ्यात आतून एक पाणकोळी बाहेर आला. त्याच्या चोचीखालची पिशवी तृप्तीने लोंबत होती.

"काय हो, कसं होतं जेवण?" दीर्घग्रीवाने त्याला गाठलं.

"हं," पाणकोळी म्हणाला.

"म्हणजे चांगलं की वाईट? मिठाचं प्रमाण? दगडांचं तापमान?"

पाणकोळ्याने एक लांब ढेकर दिली, झुडपाखाली अंग टाकलं आणि तो झोपून गेला.

"याला काही मतच नाही," दीर्घग्रीव तिरस्काराने म्हणाला. "असले लोक जेवतात तरी कशाला?"

सूर्य आता झाडांच्या शेंड्याला आला होता. कुमुद थांबली.

"अहो, मी त्या खाडीपाशी जाऊन बसते. तुमचं पान वाढून ठेवायला सांगते. तुमचं ठरलं की या."

"हो हो, आलोच. फक्त ते 'शिंपला' तेवढं बघतो. बगळेराव विचारतील गं."

"बगळेरावांचं लग्न नाही झालेलं पन्नास वर्षांपूर्वी आजच्या दिवशी तुमच्याशी," कुमुद म्हणाली आणि उलट पावली निघाली.

दीर्घग्रीवाला हे लागलं. तिच्यामागे जावं असं त्याला मनापासून वाटलं. त्याने एक पाऊल टाकलंसुद्धा. पण आपल्याला जे मनापासून वाटतं ते बहुधा चूक असतं, असा त्याचा जन्मभराचा अनुभव होता. म्हणून तो 'शिंपला'कडे गेला.

'शिंपला' खरोखरच भव्य होती. दारात मोठी रांग होती. रांगेतले सगळे पुढच्याला विचारत होते, "चांगलं आहे ना?" पुढचा म्हणत होता, "एवढी रांग आहे म्हणजे असणारच." दारातला पोपट म्हातारा होता. दीर्घग्रीव येताच तो घसा साफ करून म्हणाला, "'शिंपली अद्वितीय. ज्याने ती खाल्ली नाहीत त्याने परदेश पाहिलाच नाही.'"

आवाज थेट बगळेरावांचा होता. दीर्घग्रीवाची मान ताठ झाली.

"हे मत देणाऱ्याला मी ओळखतो!" तो म्हणाला. "किती शिंपली खाल्ली होती हो त्याने?"

"खाल्ली?" पोपटाने मान वाकडी केली. "तो उंच पांढरा ना? तो दुपारी आला. या दारातून त्या दारात, त्या दारातून या दारात. शेवटी इथे उभा राहिला. सूर्य बुडाला, चूल विझली. मग त्याने मत दिलं आणि गेला."

"न जेवता?"

"जेवलेले कुठे मत देतात, साहेब? ते झोपायला जातात." पोपट जांभई देत म्हणाला. "इतकी वर्षं या फांदीवर बसतोय मी. मतं देतात ते तुमच्यासारखे. उभे असलेले."

दीर्घग्रीवाचा वर उचललेला पाय हळूच खाली आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर होते. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे इतका वेळ ऐकलं ते सगळं उपाशी पोटांचं बोलणं! म्हणजे कुमुद बरोबर होती! सूर्याची कड पाण्याला नुकती टेकत होती. खाडी दोन-चार पंखझेपांवर होती. त्याने पंख पसरले.

"जाताय?" पोपट म्हणाला. "आपलं मत?"

"मी? मी काय मत देणार? मी काही खाल्लेलं नाही."

"तेच म्हणतो मी. पंडित दिसता, म्हणून विचारलं. विद्वानांची मतं आम्ही सगळ्यात आधी ऐकवतो."

दीर्घग्रीवाने पंख मिटले. अगदी थोडक्यात सांगू, असं त्याने ठरवलं.

"'शिंपला' या खानावळीतली शिंपली," तो म्हणाला, "रसाळ आहेत. तथापि…"

मुलांनो, 'तथापि' हा शब्द विद्वानाच्या तोंडी आला की तुम्ही खुशाल खेळायला जावं. दीर्घग्रीवाने शिंपल्यांचा रंग, चव, वाढण्याची पद्धत आणि किनाऱ्याच्या चिखलाशी त्यांचं नातं यांचा साधकबाधक विचार केला. पोपटाचे डोळे भरून आले. रांगेतले पक्षी जवळ सरकून ऐकू लागले. इतकं सखोल मत त्यांनी आधी ऐकलं नव्हतं. दीर्घग्रीव निष्कर्षाला आला तेव्हा 'शिंपला'ची चूल विझवल्याचा आवाज झाला.

तो खाडीकडे धावत सुटला. पाणमांजर चुलीवर वाळू टाकत होती. कुमुद दगडावर बसली होती. तिच्यासमोर दोन पानं होती, दोन्ही रिकामी.

"कुमुद, ठरलं!" तो धापा टाकत म्हणाला. "इथेच जेवायचं. मी सिद्ध करू शकतो."

"अरे वा," कुमुद म्हणाली. "माझं झालं."

"आणि माझं पान?"

"वाढून ठेवलं होतं की. निवत चाललं होतं. मग एक बदक आलं, भुकेलं होतं. म्हटलं, बस बाबा समोर. त्याला सांगितलं, आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. ते म्हणालं, मग मासळीचं डोकं तुम्ही घ्या. मी घेतलं."

दीर्घग्रीवाने तिच्यासमोरच्या रिकाम्या दगडाकडे पाहिलं. मग कुमुदने पिसांतून उरलेले मखाणे काढले आणि त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते खाल्ले. ते मऊ पडले होते, पण हे त्याने बोलून दाखवलं नाही.

"कुमुद," शेवटी त्याने विचारलं, "आपला वाढदिवस चांगला झाला ना गं?"

"जेवण चांगलं झालं," कुमुद म्हणाली. "वाढदिवसाचं तुम्ही चार जणांना विचारा."

एवढं बोलून तिने मान पंखात घातली आणि ती झोपली. दीर्घग्रीव एका पायावर उभा राहिला. कोणते चार जण घ्यावेत, याचा तो गांभीर्याने विचार करू लागला.

तात्पर्य: मुलांनो, जेवायला कधी बसू नये. जेवलेल्याच्या तोंडून 'हं' याखेरीज काही निघत नाही आणि त्याला कोणी पंडित म्हणत नाही. जगाला मार्गदर्शन लागतं, ते उपाशी विद्वानांकडूनच मिळतं. तेव्हा खूप शिका, मोठे व्हा, आणि दारात उभे राहा.