मधला स्पीकर

वामनअण्णा कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चप्पल काढतात, हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि एक सणसणीत टाळी वाजवतात. एकच. मग मान तिरकी करून, डोळे मिटून, ती टाळी भिंतींवरून परत कशी येते ते ऐकतात. पाणी, चहा, खुशाली सगळं त्यानंतर.

हुबळीच्या विद्यानगरात आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हेच केलं. भटजींना वाटलं आरती सुरू झाली. त्यांनी घाईघाईनं घंटा उचलली. दोन-चार बायकांनी टाळ्यांचा ठेकाही धरला. सगळा गोंधळ निवल्यावर हा अनोळखी गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, घर झकास हाय. पण घुमतंय. पडदे जाड लावा." हे आपले शेजारी आहेत, हे मला नंतर कळलं.

दाजीबानपेठेत त्यांचं इरकल लुगड्यांचं दुकान. आजोबा मिरजेकडून येऊन इथले झाले. त्यामुळे अण्णा घरात मराठी बोलतात, गिऱ्हाइकाशी कानडी आणि स्वतःशी दोन्ही. दुकान पोटासाठी. जीव सगळा घरच्या होम थिएटरमध्ये. आणि तोंडात कायम एकच शब्द, होंदाणिकी. कानडीतलं हे जमवून घेणं, जुळणं. "महाग-स्वस्त सोडा ओ. होंदाणिकी पाहिजे. रिसीव्हरची स्पीकरशी, स्पीकरची खोलीशी."

मीही हौसेनं होम थिएटर घेतलं. टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा डबा, म्हणजे रिसीव्हर, कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानातून आणला आणि स्पीकर दुसऱ्या दुकानातून. स्पीकरच्या खोक्यावर वॅटचा आकडा केवढा तरी होता, त्याला मी भुललो. अण्णा आले. त्यांनी स्पीकर लहान मुलासारखा पालथा घातला, चष्मा कपाळावर चढवला आणि पाठीवरची चिकटपट्टी वाचली. "चार ओहम," ते म्हणाले. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात, त्या आवाजात.

"म्हणजे काय, अण्णा?"

"नळाचं तोंड मोठं. तुमचा रिसीव्हर म्हणजे टाकी, ती हाय आठवाल्या नळाची. हा नळ सगळं पाणी ओढून घेणार, टाकी बसणार."

आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या हुबळीत एवढं उदाहरण पुरतं. मी स्पीकर परत करायला गेलो, तेव्हा अण्णाही सोबत आले आणि त्यांनी दुकानदाराला अर्धा तास कानडीत ओहम शिकवला. शेवटी तो बिचारा स्पीकर बदलून द्यायला तयार झाला, बहुधा आम्ही जावं म्हणून.

अण्णांचा आणखी एक नियम होता. समोरचे तीन स्पीकर एका आईची लेकरं पाहिजेत. नाहीतर पडद्यावरचा माणूस डावीकडून उजवीकडे चालला की वाटेत त्याचा आवाज बदलतो. नियम पटण्यासारखा होता. पण खुद्द अण्णांच्या घरी डावा-उजवा स्पीकर वर्षानुवर्षं तेच आणि मधला मात्र दर दोन-तीन महिन्यांनी नवा! कधी लांबोडका, कधी बुटका, कधी आसपासच्या कशाशीच न जुळणारा लाल लाकडाचा. मी थट्टा केली, तर म्हणत, "संवाद मधल्यातनं येतात, सर. तिथंच गडबड हाय."

संध्याकाळी साडेसातला त्यांच्याकडे कानडी मालिका लागे. रत्नाक्का, म्हणजे त्यांची बायको, कडीच्या झोपाळ्यावर बसत. अण्णा रिमोट घेऊन खाली सतरंजीवर. दर दोन मिनिटांनी अक्का विचारत, "काय म्हणाली ती?" लगेच अण्णा रिसीव्हरवर डाफरत, "बघ कसं पुटपुटतंय दळभद्री! तुला काय कळणार, मलाच कळेना." आणि आवाज आणखी एक घर वर. आमच्या घरी ती मालिका भिंतीतून पूर्ण ऐकू येई. गल्लीतल्या निम्म्या बायकांनी ती टीव्हीवर पाहणंच सोडलं होतं. भाजी निवडत ओट्यावर बसलं की काम भागे.

एकदा त्यांनी मला नवा मधला स्पीकर ऐकायला बोलावलं. अक्का आत चुरमुऱ्यांचं गिरमिट करत होत्या. मी ऐकलं. शब्द न शब्द मोत्यासारखा. माझं कानडी कच्चं, तरी मला सगळं कळत होतं. मी म्हणालो, "अण्णा, ह्यात काहीच गडबड नाही. आधीच्यातही नव्हती. तुम्ही उगाच..."

अण्णांनी झटकन माझा हात दाबला. स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मला फाटकापर्यंत बाहेर नेलं.

"हळू बोला," ते म्हणाले. फाटकाची कडी वर-खाली करत राहिले. "मशीन चांगलंच हाय, सर. तिचे कान चाललेत. डॉक्टर म्हणाला, शीर वाळतीय, परत येत नाही. आधी बारीक आवाज जातात. स जातो, श जातो. माणूस बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही."

"मग कानातलं यंत्र?"

"आणलं की. चार दिवस घातलं. डोक्यात गिरणी चालतीय म्हणाली आणि रडली." त्यांनी कडी घट्ट धरली. "तिच्या आईला असंच झालं होतं. माहेरी सगळे तिला किवुडी म्हणायचे, बहिरी. पुढं पुढं कुणी तिला काही सांगायचंच बंद केलं. लग्न ठरलं, बाळंतपण झालं, तिला सगळ्यांच्या शेवटी कळायचं. रत्नानं माझ्याकडनं वचन घेतलंय, कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणून दोष मशीनचा. मशीनला काय ओ, त्याला अब्रू नसते."

गिरमिट खाऊन घरी आलो आणि त्या दिवसापासून मीही त्या रिसीव्हरला शिव्या घालू लागलो. अक्का असल्या की मुद्दाम, मोठ्यानं. त्या हसत. "दोघंही त्याच्यावर का रागावता," म्हणत.

श्रावणात अक्कांचं "काय म्हणाली ती" मिनिटामिनिटाला येऊ लागलं. अण्णा हट्टाला पेटले. एका रविवारी दुपारी त्यांनी जुने सगळे मधले स्पीकर माळ्यावरून काढले आणि एकाच तारेवर एकाशेजारी एक जोडायला घेतले. मी तारा धरायला होतो. म्हटलं, "अण्णा, सगळा भार एकट्या रिसीव्हरवर येईल. तुम्हीच सांगता ना?"

"सांगतो," ते म्हणाले. "धरा की नीट."

साडेसातला मालिका लागली. काय तो आवाज! खिडकीची तावदानं थरथरली. अक्का झोपाळ्यावर सरसावून बसल्या. पडद्यावर सासू आणि सून समोरासमोर उभ्या होत्या, दोघींचं कडाक्याचं जुंपलं होतं. पाच मिनिटं झाली असतील. रिसीव्हरमधून टक् असा आवाज आला आणि सगळं शांत झालं. सासू तोंड हलवत होती, सून डोळे पुसत होती, आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नव्हती. त्या पडद्याकडे बघत होत्या, झोपाळ्याला पायानं हलकेच झोका देत होत्या.

अण्णा उठायला निघाले होते, ते अर्ध्यातच थांबले. गुडघ्यावर हात, नजर अक्कांवर. किती वेळ ते तसे होते, कोण जाणे. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठवेना.

अक्कांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. "बसा की ओ," त्या म्हणाल्या. अलीकडे त्यांचा स्वतःचा आवाजही फार चढलेला असे. त्या शांत खोलीत तो दणकन आदळला. "आज बरं लावलंय तुम्ही. डोकं दुखत नाही बघा."

अण्णा रिसीव्हरपर्यंत गेले नाहीत. सतरंजीवर न बसता ते झोपाळ्यावर, अक्कांच्या शेजारी जाऊन बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथं बसलेलं पाहिलं नव्हतं.

पडद्यावर सासूनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हटलं. अक्कांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

ते आम्हा तिघांपैकी कुणालाच ऐकू आलं नव्हतं. अण्णा अक्कांच्या कानाशी वाकले, ओठ केसांना लागतील इतके, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "म्हणाली, माझ्या सुनेसारखी सून साऱ्या हुबळीत नाही."

अक्का मान मागे टाकून हसल्या.

"खोटं! ह्या जन्मात म्हणायची नाही ती बया. नीट सांगा."

"सांगतो," अण्णा म्हणाले. डोळे पुसले आणि पुन्हा अक्कांच्या कानाशी वाकले.