ओडवारचे साधे कपडे

आमंत्रणाच्या शेवटी इंगुनने एक ओळ लिहिली होती, "साधे कपडे घालून या," आणि त्या एका ओळीने तिच्या बापाची झोप उडवली.

ओडवारकडे कपडे दोनच प्रकारचे होते. एक काळा सूट, जो लग्नांना आणि अंत्यविधींना चालायचा. बाकीचे सगळे फेरीबोटीचे. चौतीस वर्षं तो मोल्डे गावाजवळच्या खाडीत बोटीवर नोकरीला होता. धक्क्यावर उभं राहायचं आणि गाड्यांना हात करायचा. तुम्ही डावीकडे, ट्रक मधे, तुम्ही जरा थांबा. निळी पँट, फिकट निळा शर्ट, निळा स्वेटर. मग खाडीच्या तळाखालून बोगदा झाला, बोट बंद पडली आणि ओडवार घरी बसला. त्याला चार महिने झाले, पण निळा स्वेटर काही अंगावरून उतरेना. लाकडं फोडताना तोच, मासे धरताना तोच.

"नातीच्या बारशाला तू हे घालून येणार नाहीस," तोरहिल्ड म्हणाली. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोचा हा सूर त्याच्या ओळखीचा झाला होता.

"स्वच्छ धुतलंय की."

"धुण्याचा प्रश्न नाही. पोरगी फोनवर काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, लहानपणी मला बाबा म्हणजे लांबून हात करणारा एक निळा माणूस वाटायचा. माझ्या लेकीला तरी आजोबा भेटू देत."

ओडवार कॉफी ढवळत बसला. कॉफीत साखर नव्हती.

बारसं रविवारी होतं. शनिवारी सकाळी तोरहिल्डने त्याला गावातल्या पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात नेलं. दाताच्या डॉक्टरकडे माणूस जसा जातो, तसा तो गेला. आत गेल्यावर त्याने एवढे उसासे टाकले, की शेवटी तिने स्वतःच सगळं निवडलं. तपकिरी कॉर्डरॉयची पँट, बारीक चौकड्यांचा शर्ट, शेवाळी रंगाचा स्वेटर. तो गठ्ठा तिने ट्रायल रूमजवळच्या खुर्चीवर ठेवला.

"मी कोपऱ्यावर वॉफल खाऊन येते. तुझे उसासे ऐकून भूक लागली. अर्ध्या तासात हे तिन्ही घालून बघ, आणि कुणाशी वाद घालू नकोस."

ती गेली. ओडवार खुर्चीशेजारी उभा राहिला. हात पाठीमागे बांधलेले, मान ताठ, नजर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने उभं राहायचं हे त्याला माहीतच नव्हतं.

आता त्या दुकानातली माणसंही निळेच स्वेटर घालत. त्यातला एक जण त्या दिवशी तापाने घरी होता, आणि त्याच्या जागी दुसऱ्या गावच्या शाखेतून एक अनुभवी माणूस येणार होता. तो अजून आला नव्हता. दुकान सांभाळणारी व्हिबेके गल्ल्यापाशी एकटी घामाघूम झाली होती. तिने वळून पाहिलं, तर ट्रायल रूमपाशी एक अनुभवी निळा माणूस उभा.

"आलात एकदाचे!" ती धावत आली. "किती हो उशीर!"

"झाला खरा," ओडवार ओशाळला. "चार महिन्यांपूर्वीच यायला हवं होतं."

व्हिबेके हसली. "विनोदी आहात, बरं झालं. तेवढी ट्रायल रूमची बाजू बघा." आणि ती पळाली.

ओडवार मनात म्हणाला, चांगली बाई आहे, गिऱ्हाइकाला एकटं सोडते.

इतक्यात एक जाडजूड गृहस्थ हातात तीन पँटी घेऊन आला. चेहरा परीक्षेला बसवलेल्या पोरासारखा. "अहो, यातली कुठली घेऊ?"

मी इथला नाही, एवढंच ओडवारला म्हणायचं होतं. पण चौतीस वर्षांत विचारणाऱ्याला त्याने कधी तसंच पाठवलं नव्हतं.

"घालून बघा," तो म्हणाला. "आणि आत स्टूल आहे, त्यावर बसा."

"बसू? कशाला?"

"पँट माणूस विकत घेतो उभ्याने, आणि वापरतो बसून. तिथेच सगळे फसतात."

थोड्या वेळाने पडद्याआडून आवाज आला, "बसलो. पण श्वास घेता येत नाही."

"मग ती गेली. पुढची."

तिसरी बसली. माणूसही तिच्यात बसला, उठला, पुन्हा बसला आणि बाहेर आला तो हसतच.

"आता हिच्याच दोन घ्या," ओडवार म्हणाला. "म्हणजे पाच वर्षं इकडे फिरकायला नको."

जन्मठेपेतून सुटका झाल्यासारखं त्या गृहस्थाने ओडवारचा हात हातात घेऊन हलवला. हे भिंतीकडेला उभ्या असलेल्या इतर पुरुषांनी पाहिलं. बायकांनी आणून ठेवलेले, ओल्या छत्र्यांसारखे कोपऱ्याकोपऱ्यात टेकलेले पुरुष होते ते. एकेक जण हलला. पाच मिनिटांत गर्दी झाली, आणि गर्दी दिसल्यावर ओडवारचा उजवा हात आपोआप वर गेला.

"ज्यांना नुसता शर्ट पाहिजे ते डावीकडे. पँटवाले मधे. बायकोने यादी देऊन पाठवलेले उजवीकडे, तुम्हाला वेळ लागणार आहे. ढकलाढकली नको, सगळ्यांना जागा आहे."

तीन रांगा झाल्या. एकाने भगभगीत नारिंगी स्वेटर आणला. "हा कसा दिसेल?"

"समुद्रात पडायचा विचार असेल तर उत्तम. लांबून दिसाल."

दुसऱ्याने पोट आत ओढून शर्टाची बटणं लावली. "श्वास सोडा," ओडवार म्हणाला. "घरी काय दिवसभर असे उभे राहणार आहात?" तो माणूस बटण तुटेल म्हणून घाबरला होता. बटण खरंच तुटलं. रांगेतले सगळे हसले, तोही हसला.

हळूहळू ओडवारच्या लक्षात आलं, की या माणसांचं कपड्यांशी भांडण नव्हतंच. शिक्षक असो की कोळी, कामाला काय घालायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. काम नसतं तेव्हा आपण कोण, हा प्रश्न भिंतीवरचा लांबडा आरसा विचारायचा, आणि म्हणून ते त्याच्याकडे बघत नव्हते. हे कळलं आणि त्याला जरा हुशारी वाटली. आपण स्वतः अजून त्या आरशाकडे पाठ करून उभे आहोत, हे मात्र लक्षात आलं नाही.

मग मधल्या रांगेतून एक उंच, वाकलेला माणूस पुढे आला. रिकाम्या हातानेच.

"काय हवंय?"

"तेच ठाऊक नाही," तो हळूच म्हणाला. "माझे कपडे ती आणायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. मला माझं मापसुद्धा माहीत नाही हो."

ओडवारने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खांदे, पोट, उंची, सगळं ओळखीचं. त्याने शेजारच्या खुर्चीवरचा गठ्ठा उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

"हे घालून या."

तो बाहेर आला तेव्हा तपकिरी पँट, चौकडीचा शर्ट आणि शेवाळी स्वेटर त्याच्यासाठीच शिवल्यासारखे दिसत होते. तो आरशासमोर बराच वेळ उभा राहिला.

"तिने हेच आणलं असतं," तो म्हणाला. मग नवे कपडे अंगावर तसेच ठेवून पैसे द्यायला गल्ल्याकडे गेला.

तो दाराबाहेर पडल्यावर ओडवारची नजर खुर्चीवर गेली. खुर्ची रिकामी होती.

नेमकी तेव्हाच दारातून तोरहिल्ड आली आणि जागच्या जागी थांबली. तीन रांगा, आणि टोकाला तिचा नवरा, एक हात वर. तिच्या पाठोपाठ निळा स्वेटर घातलेला एक माणूस धापा टाकत शिरला. "माफ करा! बोगदा बंद होता. आत ट्रक अडकला होता. दोन तास नुसता बसून होतो!"

"अरेरे," ओडवार म्हणाला. इतक्या समाधानाने अरेरे म्हणणारा माणूस मोल्डेत पूर्वी झाला नसेल.

व्हिबेकेने नव्या माणसाकडे पाहिलं, मग ओडवारकडे. "मग हे कोण?"

"माझा नवरा," तोरहिल्ड म्हणाली. "ओडवार, कपडे कुठे आहेत?"

"गेले."

"कुठे गेले?"

"एका माणसाबरोबर."

त्याने खालमानेने सगळं सांगितलं. तोरहिल्डचा राग गळ्यापर्यंत आला होता. पण तो स्वतःचं मापही माहीत नसलेल्या माणसापर्यंत आला, तेव्हा तिने राग गिळला. "बरं केलंस," ती म्हणाली. "आता तुझ्यासाठी दुसरं बघू."

बघायला काही उरलं नव्हतं. ओडवारच्या मापाचं जे जे चांगलं होतं, ते ओडवारनेच खपवलं होतं. एक करडी पँट मिळाली. वर घालायला फक्त तो नारिंगी स्वेटर.

ओडवारने निळा स्वेटर काढला, घडी घातली, नारिंगी चढवला आणि प्रथमच आरशाकडे वळला. समोर एक म्हातारा उभा होता. कान जरा मोठे, चेहरा गोंधळलेला, वाईट नाही.

"हा कोण?"

"तूच," तोरहिल्ड म्हणाली. "चार महिने मी तुला हेच सांगतेय."

व्हिबेके पैसे घेईना. "इतकं काम केलंत, हा आमच्याकडून."

"छे," ओडवार म्हणाला. "तिकिटाशिवाय कुणी चढत नाही."

रविवारी इंगुनने दार उघडलं. तिने आईला मिठी मारली आणि शेजारच्या नारिंगी गृहस्थाला "या, या" म्हणून आत घेतलं. मग गर्रकन वळली. तशीच पुढे आली आणि पाळण्यातलं बाळ उचलून त्याच्या हातात दिलं.

नातीने तो लखलखीत रंग पाहिला. डोळे विस्फारले, दोन्ही मुठींनी स्वेटर धरला, आणि पोटातलं सगळं दूध त्याच्या छातीवर ओकून टाकलं.

एकच धावपळ उडाली. कुणी फडकं आणलं, कुणी पाणी. "हा एकच होता रे!" तोरहिल्ड कळवळली.

"असू दे," ओडवार नातीकडे बघत म्हणाला. "शनिवारी जाऊन दुसरा घेऊ."

तोरहिल्डने फडकं खाली ठेवलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.