माहुलीच्या डाव्या अंगाला

इस्माईलभाईंच्या पाया कोणी पडू गेलं, की ते टुणकन मागे उडी मारत. साठी उलटलेला, दाढी पिकलेला माणूस. पण समोर पोर वाकलेलं दिसलं, की पायाखाली विंचू निघाल्यासारखे पाय उचलून घेत. एकदा मुरबाडच्या बाजारात माझ्या पुतण्याने नुकत्याच झालेल्या मुंजीच्या उत्साहात त्यांचे पाय गाठायचे मनावर घेतले. भाई मागे सरत सरत गेले ते थेट कुंभाराच्या मडक्यांत बसले. कुंभार बोंबलत होता, आणि खापरांत बसल्या बसल्या हे माझ्या पुतण्याला समजावत होते, "बाला, डोकं एक हाय. टेकायची जागा बी एकच हाय. दुसरीकडं टेकाया ते मोकलं नाय."

गंमत अशी, की हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचे पाय मांडीवर घेऊन बसे. दुसऱ्यांचे म्हणजे बैलांचे. इस्माईलभाई नालबंद होते. शहापूर-मुरबाड रस्त्यावर आमचं गाव, लाकडाच्या आणि गवताच्या गाड्यांचा राबता. बैलाला दोर लावून आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुरांना नाल ठोकायचे, हा त्यांचा धंदा. लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेना, तेव्हा जुने नाल ठोकून ठोकून पुन्हा वापरत, आणि बैलाची माफी मागत.

गावात मुसलमानाचं घर ते एकच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शहापूरची जमात त्यांना सारखी बोलवायची, "भाई, एकटे काय करता तिथं? इकडे या." यावर भाईंचं उत्तर ठरलेलं, "मी तिकडं आलो, तर त्या गावात मुसलमान कोन ऱ्हाईल?" म्हणजे पाटील, सुतार, न्हावी तसा गावाला एक मुसलमान लागतोच, आणि ती जागा त्यांच्याकडे आहे, असा एकूण थाट.

मी त्या गावच्या शाळेचा मास्तर. हेडमास्तरही मीच आणि घंटा वाजवणाराही मीच. मला जयंत्यांचा भारी नाद. माझी पद्धत पक्की होती: खुर्चीवर तसबीर, तसबिरीला हार, हारापुढे नारळ आणि नारळामागून माझं भाषण. गावकरी खोबऱ्याच्या आशेने भाषण सोसत. एका वर्षी मनात आलं, पैगंबर जयंती का करू नये? गेलो भाईंकडे. एक मस्तवाल खोंड नुकताच आडवा पाडलेला होता.

"मास्तर, शिंगं धरा आनि मंग काय ते इचारा."

मी शिंगं धरली. माझा सगळा इस्लामचा अभ्यास त्याच आसनात झालेला आहे.

"भाई, पैगंबरांची तसबीर पाहिजे होती."

"नाय."

"शहापुरात मिळेल?"

"शहापुरात नाय, ममईत नाय, मक्केत बी नाय. काढतच नाय."

"मग हार कोणाला घालू?"

"नका घालू."

"आणि नारळ?"

"खा."

खोंडाने हिसका दिला, मी धुळीत गेलो. भाईंनी मला उठवून पुन्हा शिंगांपाशी बसवलं. "मास्तर, तसबीर लावली का लोक तिला हात जोडनार आनि घरी जानार. त्यांनी सांगितलं ते ऱ्हाईल बाजूला. मी मानूस हाय, अल्लाचा निरोप आनलाय, येवढंच ते जनमभर सांगत ऱ्हायले."

मला पटलं. पण हार सांगून झाला होता. मग मी शहापूरहून मक्केच्या काब्याचं चित्र असलेलं एक जुनं कॅलेंडर मिळवलं आणि विजयी मुद्रेने भाईंपुढे उलगडलं. याला तरी हार चालेल?

"ते घर हाय," भाई म्हणाले.

"आत काय आहे?"

"काय नाय. रिकामं हाय."

"रिकामं? मग जगभरचे लोक त्याच्याकडे तोंड करून नमाज कशाला पढतात?"

"सगल्यांनी येकाच बाजूला तोंड करावं म्हनून. राजा असूं दे का हमाल, येका रांगंत, खांद्याला खांदा लावून." मग हातोडीने त्यांनी आभाळात दिशा दाखवली. "आपल्याकडून ते माहुलीच्या डाव्या अंगाला."

माहुलीचा डोंगर आमच्या गावातून कुठूनही दिसतो. मी भूगोलाचा माणूस, दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन गेलो आणि त्यांना अरबस्तान दाखवला. भाईंनी तो बराच वेळ न्याहाळला. मध्ये एवढा समुद्र आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मंग माजा आवाज पोचतो तो अल्लाच पोचवीत असनार," ते म्हणाले आणि नकाशा मला परत दिला.

जयंतीला सगळा गाव आला. टेबलावर पांढरी चादर, त्यावर काहीच नाही. हार माझ्या हातात, कुठे ठेवावा कळेना. मी घसा खाकरून सुरुवात केली, "मुलांनो, इस्लाम धर्माचे देव मोहंमद पैगंबर..."

"मास्तर," भाई पहिल्या ओळीतून शांतपणे म्हणाले, "तुमी बसा."

मी बसलो. हार घेऊनच.

मग भाई उभे राहिले. धुतलेला कोट, डोक्यावर टोपी. त्यांनी पैगंबरांची गोष्ट सुरू केली. आईबापाविना वाढलेला पोर, शेरडं-मेंढरं राखणारा, पुढे उंटांच्या तांड्याबरोबर व्यापाराला जाणारा. इतका खरा, की ज्यांचं पटत नव्हतं तेही आपली ठेव त्याच्याचकडे ठेवत. मग डोंगरातली गुहा, आणि तिथे आलेला पहिला हुकूम. "काय हुकूम आला, सांगा. 'वाच.' वाचता येत नव्हतं त्यांना, तरी हुकूम आला 'वाच.' पयला शब्दच शालेचा हाय, पोरांनो." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे अशा अभिमानाने पाहिलं, की मला क्षणभर वाटलं ही शाळा मीच काढली.

"बैलाला पाय चार. माज्या दीनाला, म्हंजी धर्माला, पाच. येक अल्ला आनि त्याचा पैगंबर मानायचा, हा पयला. दिसातून पाच टाइम नमाज. रमजानचे रोजे. आपल्यातलं गरिबाला काढून द्यायचं. आनि पाचवा, जमलं तर मक्केला जायचं. माजा हा पाचवा पाय अजून उचलला नाय. पन बाकीच्या चारांवर लंगडत नाय मी."

लोक हसले. भाई हसले नाहीत. ते म्हणाले, "आता येक सांगा. मी मेलो, तर माजं काय कराल?"

मग म्हातारे पाटील मायेने म्हणाले, "आरं, तुला काय कमी करू का आमी? सागाची लाकडं घालू. तुपाचा डबा वतू. हार, गुलाल, वाजत-गाजत नेऊ तुला."

"आरं पाटला, तेच तर नको." भाई पाटलांकडे वळले. "नदीला पूर असला, शहापूरची मानसं आली नाय, तर तुमी मायेनं मला जालून टाकाल. रातीला झोप येत नाय मला."

मग त्यांनी पोरांना सगळं शिकवलं. आग नाही, हार नाही, वाजंत्री नाही. मातीतून आलो, मातीत जायचं. पांढरं कापड. डोकं उत्तरेला, उजव्या कुशीवर, आणि तोंड? "माहुलीच्या डाव्या अंगाला," पोरं एका सुरात ओरडली. भाईंनी ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, आपण पाढे घोकतो तसं. इतकी वर्षं 'गावाला मुसलमान लागतो' म्हणणाऱ्या त्या माणसाला गावाकडून काय लागत होतं, ते मला तेव्हा कळलं. तो हार मी शेवटी बाहेर बांधलेल्या खोंडाच्या शिंगांत अडकवला. त्याने खाल्ला.

पुढे काही वर्षांनी, ऐन श्रावणात, भाई सकाळच्या नमाजाला उठलेच नाहीत. नदी दोन्ही काठ भरून चाललेली. आमच्या माणसांनी अलीकडून पलीकडच्यांना हाका घालून शहापूरला निरोप धाडला आणि वाट न बघता फावडी उचलली. खणणारे सगळे माझे विद्यार्थी, आता मिशा फुटलेले. एकजण खड्ड्याच्या तोंडाशी उभा राहून माहुलीकडे हात करून दिशा धरत होता. ढगांत डोंगर दिसत नव्हता, पण त्याचा हात हलला नाही.

तिसऱ्या प्रहरी पाणी उतरलं, आणि शहापूरची चार-पाच माणसं कफन घेऊन भिजत आली. त्यातल्या वडीलधाऱ्याने कबरीभोवती फिरून पाहिलं. बदलण्यासारखं काहीच नव्हतं.

"इथं आमच्यातलं आनखी कोन हाय?" त्याने विचारलं.

"कोनी नाय," पाटील म्हणाले. "शाला हाय."

ते अंघोळ घालायला पाणी तापवू लागले, तेव्हा मी आत गेलो. भाई खाटेवर निजले होते. चादरीतून पाय बाहेर आलेले, टाचा भेगाळलेल्या. माझी सवय जुनी, मी वाकलो. आज मागे उडी मारायला ते नव्हते. हात पायांपाशी पोचला, आणि तिथेच थांबला.

मग मी चादर जराशी खाली ओढली, पाय झाकले आणि बाहेर आलो; अंघोळ-कफन होऊन अखेरच्या नमाजाची रांग लागली, तेव्हा तिच्यात उभा राहिलो, खांद्याला खांदा लावून.