नेपियर टाउनमधल्या लाटा

प्रणोतीचा मेसेज सकाळी साडेनवाला आला तेव्हा चंद्रशेखर कोलते जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या घरी दुसरा चहा पीत होते. तीन आठवड्यांपासून लेक शिकाऊ मुलामुलींच्या जहाजावर होती. मेसेज असा होता : "समुद्र खवळलाय. वही उघडली की अक्षरं डुलतात, दोन ओळी वाचल्या की ओकारी. उद्या तोंडी परीक्षा. नापास झाली तर पुढच्या बंदरावरून घरी पाठवून देतील. नेट आज बारापर्यंतच आहे." सोबत लाटांवरच्या धड्याचे फोटो.

"लिंबू चोखायला सांगते तिला," त्यांच्या पत्नी विभावरी म्हणाल्या.

"थांब न. असं अंदाजानं नाही सांगायचं."

चंद्रशेखररावांनी एकतीस वर्षं डिफेन्स फॅक्टरीच्या तपासणी विभागात काढली होती. बाहेरून तक्रार आली की तिथली रीत एकच : तो बिघाड आधी आपल्याकडे जसाच्या तसा घडवून पाहायचा, मग उपाय.

"अहो, जबलपुरात समुद्र कुठून आणता?"

त्यांनी आधी गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसून धडा वाचून पाहिला. दहा मिनिटांत छान डोळा लागला. "झोपाळा नुसता पुढे-मागे जातो," जागे झाल्यावर ते म्हणाले, "जहाज आडवंही डुलतं, वर-खालीही होतं." आणि त्यांनी खाली जाऊन ऑटो थांबवली. मागून विभावरी आल्या, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन.

"कहाँ चलना है बाबूजी? सदर?" ऑटोवाल्या रामसजीवननं विचारलं.

"नहीं, उधर का रोड अच्छा है. बड़ा फुहारा चलो. और भैया, एक भी गड्ढा छूटना नहीं चाहिए."

खड्ड्यात घातली म्हणून रामसजीवननं आजवर भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या. अशी ऑर्डर पहिल्यांदाच मिळत होती. "किसी से झगड़ा हुआ है क्या?"

"हमारी बेटी जहाज पे पढ़ती है."

"अच्छा!" सगळं समजल्यासारखं तो म्हणाला आणि त्यानं पहिल्याच खड्ड्यात ऑटो घातली.

मोबाइल नाकाशी धरून चंद्रशेखरराव वाचू लागले. दीड पानात त्यांचा चेहरा पडवळासारखा हिरवट झाला. "होऊन राहिलं!" ते आनंदानं ओरडले.

"काय होऊन राहिलं?"

"मळमळ! तक्रार खरी आहे!"

मग उपाय सुरू झाले. एक डोळा मिटून वाचलं, मान तिरपी करून वाचलं, आलं चघळत वाचलं. काहीच लागू पडेना. शेवटी विभावरींनी मोबाइल हिसकावला. "द्या इकडे, मी वाचते. तुम्ही डोळे मिटा."

त्या वाचू लागल्या, आणि काय आश्चर्य, दोन मिनिटांत चंद्रशेखररावांचं पोट जागेवर आलं.

"वाचायचंच नाही! ऐकायचं! रेकॉर्ड कर, पाठवून देऊ."

"घरी जाऊन करते न शांतपणे."

"घरी काहून? परिस्थिती तीच पाहिजे. हलत्या गाडीत लागू पडलं ते हलत्या गाडीतच रेकॉर्ड व्हायला पाहिजे."

साडेअकरा वाजले होते. वाद घालायला वेळ नव्हता. विभावरींनी रेकॉर्डिंग सुरू केलं. एव्हाना रामसजीवनलाही कुतूहल वाटू लागलं होतं.

"दीदी, समुंदर की लहर कितनी ऊँची होती है?"

"तीन-तीन मंजिल की भी होती है, भैया."

आपले खड्डे रामसजीवनला फारच किरकोळ वाटले असावेत. त्यानं ऑटो पाइपलाइनसाठी खणलेल्या गल्लीत वळवली.

"लाटेची उंची म्हणजे तिच्या माथ्यापासून... अगं आई गं!" विभावरींचं डोकं छताला लागलं. शेजारी चंद्रशेखररावांना ती लाट डोळे मिटूनही सोसली नाही. त्यांनी पिशवी मागितली आणि मग बराच वेळ ती सोडली नाही. विभावरी मात्र पोरीसाठी वाचत राहिल्या. बाराला पाच मिनिटं असताना त्यांनी बावीस मिनिटांची व्हॉइस नोट न ऐकताच पाठवली.

दुसऱ्या दिवशी दोघंही मोबाइलसमोर बसून होते. दुपारी मेसेज आला.

"समुद्र पहाटेच शांत झाला. सगळे ठणठणीत होते. परीक्षेआधी मी नोट ऐकत होती. सर म्हणाले, एकटी काय ऐकतेस, सगळ्यांना ऐकव. स्पीकरवर लावली. आईचा आवाज मस्त आला. मागून बाबांचाही आला. सरांना मराठी येत नाही, पण तेवढं कळलं. वादळात टिकलेले चौघंसुद्धा रेलिंगकडे पळाले. त्यांच्यामागे सर. परीक्षा दोन दिवस पुढे गेली."

"बघा, दोन दिवस मिळाले न पोरीला!" विभावरींनी हात जोडले. "तेही शांत समुद्रात!"

चंद्रशेखररावांचं तिकडे लक्षच नव्हतं. चष्मा चढवून ते एका बोटानं टाइप करत होते : "सरांना नेमकं कितव्या मिनिटाला झालं?"

उत्तर लगेच आलं.

"बाबा, मला अभ्यास करू द्या."