शिष्यवृत्तीच्या मुलाखतीची कौटुंबिक पूर्वतयारी

मुलाखत एकट्या उमेदवाराची असते, हा समज फक्त ज्यांच्या घरात उमेदवार नाही त्यांच्यातच आढळतो. थोरलीला लष्करी अधिकारी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, त्याच दुपारी तिच्या मामांनी पूर्वतयारी समिती स्थापन केली. मामा पोस्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे अध्यक्षपद आपोआप त्यांच्याकडे गेलं. (विरोधात एकच मत पडलं, थोरलीचं. पण तिला मताधिकार नव्हता.)

एकवीस दिवसांत नऊ बैठका झाल्या. कसं चालायचं ते शिकवणं आईकडे सोपवलं. वडील शिंपी, त्यांनी कोट शिवला. त्यात श्वास घेता येत नाही, अशी तक्रार आल्यावर समितीने ‘ताठ बसायला मदतच होईल’ असा निर्णय दिला. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी हसण्याची मर्यादा आखून दिली: वरचे सहा दात, खालचा एकही नाही.

‘अधिकारी का व्हायचंय?’ या प्रश्नाच्या उत्तराचे चौदा मसुदे झाले. थोरलीचा स्वतःचा मसुदा, ‘मला पूल बांधायचेत, आणि माणसं सांभाळायला जमतं’, फारच आखूड म्हणून फेटाळला गेला.

“पण मामा, ते खरं आहे,” ती म्हणाली.

“खरं आहे गं. पण ते तुझं झालं. समितीचं काय?”

मुलाखतीच्या दिवशी समिती बाहेरच्या बाकावर बसली. आत तीन अधिकारी होते. मधल्या बाईंनी विचारलं, “घरात तुझे निर्णय कोण घेतं?”

हा प्रश्न चौदांपैकी एकाही मसुद्यात नव्हता. थोरलीने कोटाचं वरचं बटण काढलं.

“आजवर समिती. ती बाहेर बसलीय.”

“आणि आत्ता?”

“आत्ता मी. म्हणून बटण काढलं.”

बाई हसल्या. (खालचे दातही दिसले.) मग अर्धा तास फक्त पुलांवर बोलणं झालं.

थोरलीची निवड झाली. मामांनी अहवालात ‘यश शंभर टक्के’ असं लिहिलं. ती गेली त्या दिवशी मात्र ते बराच वेळ तिच्या खोलीच्या दारात उभे होते. (याची इतिवृत्तात नोंद नाही.)

पुढच्या वर्षी धाकटीची पाळी आहे. समितीला अनुभवी सदस्य हवे आहेत. थोरलीचं उत्तर वाचताना ज्यांनी मनातल्या मनात ते जरा सुधारून दिलं, त्यांनी वेगळा अर्ज करू नये. त्यांची नावं सदस्यांच्या यादीत आधीच घेतलेली आहेत.