चौथरा हातभर उंच

सांगा बघू, विश्वास कोणावर ठेवावा? ‘अहो’ म्हणणाऱ्यावर की ‘अरे’ म्हणणाऱ्यावर? चिंचणपुरात हा प्रश्न कोणाला पडत नाही, कारण तिथे ज्याला ‘अरे’ म्हणणारं कोणी उरत नाही, त्याचा पुतळा होतो.

गुळाचे व्यापारी त्र्यंबकशेठ यांची थोरली बहीण चैत्रात गेली आणि त्यांना ‘अरे त्र्यंबक’ म्हणणारं कोणी राहिलं नाही. हा घोळ शेठनी स्वतःच घालून ठेवला होता. हमालांना ‘शेठजी’ म्हणायला लावलं, मुलांना ‘अहो बाबा’. पत्नी कुमुदिनीबाई तर लग्नापासून ‘अहो’च म्हणत. वैशाखात शेठच्या डाव्या पायाचा अंगठा दगडी झाला, ज्येष्ठात घोटा.

शेठ व्यवहारी माणूस. त्यांनी दिवाणजींना समोर बसवून ‘अरे’ म्हणायला लावलं. ‘अरे शेठजी,’ एवढं म्हणून दिवाणजी घाईघाईने पाया पडले. कपाळाला टेंगूळ आलं. दगड तसाच.

मग नगरपालिकेच्या पुतळा विभागातले निंबाळे मापाची फीत घेऊन घरी आले.

‘सांगून म्हटलेलं धरत नाहीत, शेठ. आपोआप यावं लागतं. जागा मात्र झकास मिळालीय, मासळीबाजारासमोर.’ मग चहा घेऊन आलेल्या बाईंकडे वळून म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही म्हणून पाहिलंत?’

‘जीभच वळत नाही हो,’ बाईंनी डोळ्याला पदर लावला. ‘देवापुढे बसून सराव केला. ओठाशी येईपर्यंत त्याचं ‘अहो’ होतं.’

गारठा गुडघ्याकडे चढत होता. शेठ आतून घाबरले होते, पण ते दाखवायची सवय नव्हती.

‘चौथरा हातभर उंच घ्या,’ ते निंबाळ्यांना म्हणाले. ‘आणि पाटीवर नावाआधी ‘श्रीमान’ हवं.’

बाईंनी कपबशी आदळली. ‘गप बस रे! दगड व्हायला निघालास आणि उंची कसली मोजतोस? तुझ्यावरचे कावळे हाकलायला मी रोज बाजारात येऊ?’

निंबाळ्यांनी पेनाचं टोपण काढलं. ‘वहिनी, हे ठरवून?’

‘ठरवून कशाला? एकेचाळीस वर्षं पोटात होतं.’

निंबाळ्यांनी फीत गुंडाळली आणि कागदावर ‘पुतळा रद्द’ असा शिक्का मारला. शेठचा घोटा हलला, मग अंगठा.

‘आणखी एकदा म्हण ना,’ शेठ हळूच म्हणाले.

‘सांगून म्हटलेलं धरत नाहीत. चहा घ्या, अहो.’

मासळीबाजारासमोरची जागा अजून रिकामी आहे. तेव्हा मंडळी, तुम्हाला ‘अरे’ म्हणणारे किती उरलेत, त्याचा हिशोब तेवढा खरा ठेवा. गेलेली माणसं त्यात धरू नका.