निर्दोष मालावरची फुली

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत धम्मपाल ओतीव भाग तपासत असत. सदोष नगावर पिवळ्या खडूने फुली मारायची आणि एकदा मारलेली फुली पुसायची नाही, हा त्यांचा नियम होता. खडू सुटीच्या दिवशीही खिशात असे. २००७च्या मार्चमध्ये, मुलगी संघप्रिया हिच्यासाठी लॅपटॉप घ्यायला ते राजारामपुरीत गेले, तेव्हाही होता. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मंगळवारी सादर व्हायचा होता आणि मैत्रिणीचा लॅपटॉप आता मिळणार नव्हता.

दुकानदार बाळासो यांनी आधी दुरुस्त करून विकायला ठेवलेला, स्वस्तातला लॅपटॉप पुढे केला. काय बिघडले होते, दुरुस्ती कोणी केली आणि हमी कोणाची, असे धम्मपालांनी विचारले. तिन्ही प्रश्नांना मिळून बाळासोंनी चहा मागवला.

मग सीलबंद खोका आला. तपासल्याशिवाय पैसे देणे धम्मपालांना मान्य नव्हते. खोका उघडावा लागला. पडदा, कळफलक, बॅटरी, बिजागऱ्या यांत दुपार गेली. दोष सापडला नाही.

"मग ह्योच बांधू न्हवं, साहेब?"

"ह्यो नको. ह्याचं सील फुटलंय. सीलबंद द्या."

"सील तुमीच फोडाय लावलं की."

"कुणी का फोडंना. उघडा माल त्यो उघडा माल."

आणि हाताच्या सवयीने त्यांनी खोक्यावर फुली मारली.

दुकानात एकच सीलबंद नग उरला होता. तो उघडायला बाळासोंनी साफ नकार दिला, म्हणून धम्मपालांनी तसाच घरी नेला. घरी त्याचा अर्धा पडदा काळाच राहिला.

"तपासलेला दुकानात ठेवून आलासा, आन न बघितलेला घेऊन आलासा," पत्नी शालन म्हणाली. "फौंड्रीत बी असंच करतासा काय?"

सोमवारी बिघडलेला नग घेऊन ते परत दुकानात गेले, तेव्हा फुलीचा खोका एका गिऱ्हाइकाच्या हातात होता. किंमत उतरवली होती आणि शिरोलीच्या इन्स्पेक्टरने स्वतः पारखलेला माल म्हणून बाळासो त्याची स्तुती करत होते. धम्मपालांना पाहताच त्यांनी साक्षीदार म्हणून पुढे ओढले.

एखादा दोष सांगितला असता, तर गिऱ्हाईक हटले असते आणि तपासलेला नग धम्मपालांनाच मिळाला असता. पण न सापडलेला दोष सांगणे धम्मपालांना जमेना.

"पावणं, कसा हाय माल?" गिऱ्हाइकाने विचारले.

"निर्दोष हाय."

"मग ही फुली कुणाची?"

"माझीच."

"निर्दोष मालावर?"

"व्हय."

"आन तुमी का न्हाय घेतला?"

"उघडलेला हुता."

"कुणी उघडला?"

"माझ्यासाठीच उघडलाता."

गिऱ्हाईक खोका अलगद काउंटरवर ठेवून, यात काहीतरी काळेबेरे असल्याचे पुटपुटत निघून गेले. बाळासोंनी बिघडलेला नग परत घेतला आणि फुलीचा पुढे सरकवला.

संध्याकाळी संघप्रिया कामाला बसली. पडदा पूर्ण उजळला होता. धम्मपालांनी रिकामा खोका फुलीची बाजू भिंतीकडे करून कपाटावर ठेवला. शालनने तो पुन्हा समोर फिरवला.